‘तुमचं मूळ काय?’ हा प्रश्न आमच्या मंडळीतही विचारला जातो

महोदय,

10 ऑगस्टला जिल्हाधिकारी कचेरीसमोर दलित ख्रिस्ती समाजाने धरलेल्या धरण्याची बातमी आपण छायाचित्रासह छापलीत, त्याबद्दल आभार. छायाचित्रात डावीकडे फलक धरून उभी असलेली पांढऱ्या साडीतली बाई मी. ‘धर्म बदलला, जात सुटली नाही’ असे फलकावर लिहिले होते. ते खरेच आहे. पण आम्ही ते सरकारला सांगतो आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणी म्हटले की त्याला गप्प करतो.

1950 साली याच तारखेला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या दर्जाला धर्माची अट लागली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. आम्ही अजून बाहेर आहोत. ही अट काढावी, अशी शिफारस केंद्र सरकारनेच नेमलेल्या रंगनाथ मिश्र आयोगानेही 2007 मध्ये केली होती. बाप्तिस्मा घेतला म्हणून गाव जात विसरत नाही, हे आमचे म्हणणे.

आता घरातले सांगते. गेल्या वर्षी माझ्या भाचीचे लग्न ठरत आले होते. मुलगा शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीतला, बँकेत नोकरीला, उपासनेत पेटी वाजवणारा. चहा झाला, प्रार्थना झाली, आणि मुलाच्या चुलत्यांनी विचारले, “तुमचं मूळ काय?” आमचे पणजोबा मांगवाड्यातून ख्रिस्ती झाले, त्यांचे महारवाड्यातून. आठ दिवसांनी निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचे नाही. चार महिन्यांनी त्याच मुलाची लग्नपत्रिका मंडळीच्या फलकावर लागली. भाचीनेच ती पहिल्यांदा वाचली.

हा प्रश्न मीही विचारला आहे. वीस वर्षांपूर्वी थोरल्या मुलासाठी मुलगी पाहायला गेले, उत्तर ऐकले आणि चहा अर्धा टाकून उठले. मी परिचारिका होते. तीस वर्षे रुग्णांना रक्ताच्या पिशव्या लावल्या, दर वेळी गट दोनदा तपासला, रक्त कुणाचे हे कधी विचारले नाही. आणि त्या मुलीच्या आईसमोर मात्र विचारले. त्या माउलीने कप उचलताना माझ्याकडे पाहिले नाही, ते आजही डोळ्यांसमोर आहे.

मार्चमध्ये मंडळीच्या वार्षिक सभेत उभी राहून हे सगळे बोलले. आधी माझी चूक, मग भाचीची गोष्ट. सभा तिथेच फुटली. दोन कुटुंबे आता दुसरीकडे उपासनेला जातात. महिला मंडळाच्या बैठकीचा निरोप मला येईनासा झाला. सख्खा भाऊ, म्हणजे भाचीचा बापच, बोलत नाही. पोरीचे नाव चव्हाट्यावर आणले म्हणतो. त्याचा राग मला समजतो. मी नाव घेतले नव्हते, पण आमच्या एवढ्याशा मंडळीत न घेताही कळतेच.

आमचे पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत. माझे यजमान गेले तेव्हा रात्रभर आमच्या ओसरीवर बसून होते. ते म्हणाले, “बाई, भावांनी एकोप्याने राहावं असं स्तोत्र सांगतं. तुमच्या बोलण्यानं मंडळी दुभंगली.” मी त्यांना बायबलातल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढून दाखवला. अंत्युखिया नगरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमेकडची यहुदी माणसे आली तशी त्यांच्या भीतीने तो पंगतीतून बाजूला झाला. पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. प्रेषित पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष, तोंडावर सुनावले. तो वाद पंगतीचाच होता. आमच्या गावांना पंगतीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि ज्यांची गीते आम्ही दर रविवारी गातो, त्या ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचेही घर दुभंगलेच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांनी घर मोडले, असे आमच्याकडे कुणी म्हणत नाही.

एका वडीलधाऱ्या पंचांचा आक्षेप मात्र मला रात्री झोपू देत नाही. ते म्हणाले, दिवस वाईट आहेत, प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर हल्ले होतात, अशा वेळी आपले उणे बाहेरच्यांच्या हाती का द्यायचे? ही भीती खोटी नाही. तरीही विचार करून मी हे पत्र लिहीत आहे. धर्म बदलूनही जात सुटत नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा आमच्या सोयरिकींतच आहे. तो लपवायचा आणि सरकारकडे न्याय मागायचा, हे कसे जमणार? रोमच्या मंडळीने हे झाकलेले नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर 2016 मध्ये दलितांविषयीचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये भेदभाव होतो हे कबूल केले. आम्हा प्रोटेस्टंटांच्या गावोगावच्या मंडळ्यांनी एवढे तरी करावे.

सोयरिकीत ‘मूळ’ विचारले जाते याची नोंद मंडळीच्या इतिवृत्तात व्हावी आणि लग्नाआधी पाळकांनी दोन्ही घरांशी यावर बोलावे, असा लेखी अर्ज मी जूनमध्ये पंचकमिटीला दिला आहे. पोच मिळाली, उत्तर आलेले नाही. नाताळची पंगत ठरवायला नोव्हेंबरात सभा बसेल. त्या सभेत मी तोच अर्ज पुन्हा वाचणार आहे.

भाचीची ओळख पटू नये म्हणून माझे नाव छापू नये. मंडळीत मी कोण हे सगळ्यांना माहीत आहे.

– एक निवृत्त परिचारिका, अहिल्यानगर जिल्हा