रोमानेस्को लावायचा असेल तर

निफाड,
दि. २४ ऑगस्ट

प्रिय माधव,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. वाईच्या नव्या घरामागे परसबागेपुरती जागा निघाली हे वाचून आनंद झाला, आणि पहिल्याच हंगामात तुला रोमानेस्को लावायचा आहे हे वाचून मुळीच नवल वाटले नाही. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाची नजर मंडईतल्या एवढ्या भाज्यांमधून नेमकी त्या हिरव्या शंकूंवर खिळावी, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झाले. तुझे दोन प्रश्न आहेत : ही भाजी नक्की कोणत्या जातीची, आणि ती आपल्याकडे होते का. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो फ्लॉवरच आहे, आणि कोबी, ब्रोकोली, नवलकोल, केल या सगळ्यांसह तो एकाच प्रजातीत मोडतो. त्याचे मूळ गाव म्हणजे इटलीतील रोम आणि भोवतालचा लात्सिओ प्रांत. तिथे नाताळच्या आदल्या रात्री पाकटाच्या जातीच्या माशाबरोबर त्याचे सूप करण्याची जुनी चाल आहे. तो ऐन हिवाळ्यातला आहे हे यावरून तुझ्या लक्षात येईल, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

आपल्याकडे तो होतो, पण थंडी पडण्यापूर्वी त्याची पाने भरपूर वाढलेली असतील तरच. या कुळातील फ्लॉवरसारख्या भाज्या आधी नुसती पाने वाढवतात आणि मग, पुरेसा गारवा मिळाला की, शेंड्यावर गड्डा धरतात. गड्डा धरू लागताना झाडावर जेवढी पाने असतील तेवढ्यांच्याच जिवावर तो पोसला जातो. रोप लहान असतानाच थंडीने गाठले, किंवा ते वाफ्यात जास्त दिवस राहून जून झाले, किंवा मधल्या काळात पाण्याची वा नत्राची ओढ बसली, तर सुपारीएवढा गड्डा येऊन झाड थांबते. उलट ऊब लांबली तर झाड पाने काढत राहते आणि गड्डा मार्चच्या उन्हात सापडतो. म्हणून या पिकात खत आणि औषध यांच्याही आधी कॅलेंडर सांभाळावे, असे माझे मत झाले आहे.

आमच्या निफाडची थंडी तुला माहीत आहे. इथला पारा कित्येकदा राज्यात सर्वांत खाली उतरतो, आणि ज्या रात्री द्राक्षबागायतदार मणी वाचवण्यासाठी बागेत शेकोट्या पेटवून बसतात, त्याच रात्री रोमानेस्कोला मानवतात. वाईला एवढा गारठा नसतो. त्यामुळे तुझ्या हाती थंडीचे दिवस कमी आहेत असे धरून मागे मोजत ये. गड्डा जानेवारीत भरायला हवा. लागवडीनंतर त्याला साधारण ८० ते १०० दिवस लागतात. म्हणजे पुनर्लागवड ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात व्हायला हवी. आणि रोप २५ ते ३० दिवसांचे असावे, म्हणजे बी सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पडायला हवे. उशिरा तयार होणाऱ्या जातींच्या मोहात पडू नकोस. ‘वेरोनिका’ नावाचा संकरित वाण त्यातल्या त्यात लवकर येतो, तोच घे.

रोपे प्रो ट्रेमध्ये (छोट्या कप्प्यांच्या प्लास्टिकच्या तबकात) कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर कर, किंवा एक वीत उंचीचा छोटा गादीवाफा कर. सप्टेंबरात तुमच्याकडे पाऊस असतोच. सपाट वाफ्यात पाणी साचले की रोपे बुडाशी काळी पडून कोलमडतात, तेव्हा वर प्लास्टिकचे छप्पर आणि मातीत ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी या दोन गोष्टी हव्यातच. बी सेंटिमीटरभरापेक्षा खोल टाकू नकोस. चार-पाच पाने आली की संध्याकाळच्या वेळी रोप लाव, दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर ठेव, आणि ते अंतर वाया गेल्यासारखे वाटले तरी हात आखडता घेऊ नकोस, कारण नोव्हेंबर संपेपर्यंत याची पाने एकमेकांना भिडतात. मधल्या रिकाम्या जागेत तोवर मेथी किंवा कोथिंबीर निघून जाते.

जमिनीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुझ्याकडे पावसाने धुतली जाणारी माती आहे. हे कूळ खादाड आहे. प्रत्येक आळ्यात चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाल, आणि लागवडीनंतर महिन्याने पुन्हा भर घाल. पण फ्लॉवरवर्गाला आणखी दोन गोष्टी सूक्ष्म प्रमाणात लागतात आणि नेमक्या त्याच विसरल्या जातात. बोरॉन कमी पडले तर दांडा आतून पोकळ होतो आणि गड्ड्यावर तपकिरी डाग येतात. चौरस मीटरला एक-दीड ग्रॅम बोरॅक्स पुरते, आणि त्याहून अधिक घातले तर तेच विषासारखे बाधते, तेव्हा चमच्याचा अंदाज न करता काट्यावर तोल. दुसरे मॉलिब्डेनम. माती आम्लधर्मी असेल तर झाडाला ते मिळत नाही, आणि मग पानांचे पाते झडून मधली शीरच तेवढी उरते. त्यावर साधा उपाय म्हणजे लागवडीच्या आधी माती तपासून गरजेपुरता चुना घालणे.

आता अळीविषयी. चौकोनी ठिपक्यांचा पतंग हा या सगळ्या घराण्याचा मुख्य शत्रू. त्याची हिरवी, बारीक अळी पानाला खालून खरवडते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते, आणि हात लावला की वळवळत धाग्यावर लोंबकळते. डीडीटीला दाद न देणारी पिकावरची पहिली कीड म्हणून तिची नोंद १९५३ साली जावा बेटावर झाली, आणि पुढे बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या फवारणीलाही शेतात पहिल्यांदा पुरून उरली ती हीच. म्हणून एकच औषध सतत मारण्याच्या मी विरुद्ध आहे. रोमानेस्कोच्या आधी पंधरा दिवस वाफ्याच्या कडेने मोहरी पेर. पतंग मोहरीवर अंडी घालणे अधिक पसंत करतात, आणि फवारणी, वेचणी जे काय करायचे ते तिथेच करता येते. पहिली मोहरी जून झाली की दुसरी ओळ तयार हवी. मुख्य पिकावर दर आठवड्याला पाच टक्के निंबोळी अर्क, आणि अळी दिसलीच तर संध्याकाळी बीटी, एवढ्यावर परसबाग निभावते. मावा आला तर आधी पाण्याची जोरदार धार मारून पाहा. पानांच्या कडांपासून आत पिवळा त्रिकोण सरकू लागला आणि शिरा काळ्या पडल्या तर तो घाण्या रोग; ते झाड तत्काळ उपटून बागेबाहेर टाक, कंपोस्टात मुळीच नको.

आता तुझ्या आवडीचा भाग. साध्या फ्लॉवरचा गड्डा पांढरा राहावा म्हणून त्यावर पाने बांधावी लागतात. रोमानेस्कोला ते करायचे नसते, त्याचा पोपटी रंग उघड्यावरच खुलतो. गड्डा दिसू लागला की रोज सकाळी जाऊन शंकूंच्या ओळी मोज. एका दिशेने सहसा ८ आणि दुसऱ्या दिशेने १३ वळसे भरतील, आणि प्रत्येक शंकूवर पुन्हा तोच नमुना दिसेल. ८ आणि १३ या फिबोनाची मालिकेतल्याच संख्या, जिच्यात प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते. इटालियन गणिती फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा, पण जैन पंडित हेमचंद्राचार्यांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना हीच संख्यामालिका त्याच्या काही दशके आधी मांडली होती, हे तू वर्गात किती वेळा सांगितले असशील! हा आकार कसा होतो याचा उलगडा फ्रेंच संशोधकांनी २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात केला. प्रत्येक कळी फूल व्हायला निघते, तिला ते साधत नाही, ती पुन्हा कोंब होते आणि नव्या कळ्या काढते. त्यांचेही तेच होते. साध्या फ्लॉवरमध्ये नव्या कळ्या निघण्याचा वेग कायम राहतो, रोमानेस्कोत तो वाढत जातो, आणि म्हणून तिथे गोलाव्याऐवजी शंकू उभे राहतात. हे वाचल्यापासून मला त्या गड्ड्याकडे पाहताना अधिकच मौज वाटते. मात्र पाहण्याच्या नादात काढणी लांबवू नकोस. शंकू घट्ट असतानाच काप. ऊन वाढले की ते सुटे होतात आणि चव उग्र होते.

व्यवहाराचेही सांगतो. हे झाड तीन महिने बरीच जागा अडवून एकच गड्डा देते आणि कापल्यावर पुन्हा फुटत नाही. म्हणून चार-सहा झाडांपेक्षा जास्त लावू नकोस. उरलेल्या वाफ्यात नवलकोल लाव, तो दोन महिन्यांच्या आत हाती येतो आणि नवशिक्याला निराश करत नाही. वहिनींना त्याची कोवळी पानेही भाजीला चालतील. ब्रोकोलीचा मधला गड्डा काढल्यावर बाजूचे फुटवे महिनाभर मिळत राहतात. ब्रसेल्स स्प्राउट्सच्या भानगडीत पडू नकोस. त्यांना लागते तेवढी लांब थंडी वाईत नाही. आणि पुढच्या वर्षी हे कूळ त्या वाफ्यात मुळीच नको, त्यात मुळा आणि मोहरीही आली. तिथे वाल किंवा कांदा घे.

गड्डा स्वयंपाकघरात गेला की शंकू सुटे करून पंधरा मिनिटे मिठाच्या पाण्यात ठेवायला वहिनींना सांग, कारण त्या खाचांत अळी लपलेली असू शकते. कुकर मुळीच नको. जास्त शिजला की गंधकाचा वास येतो आणि आकारही मोडतो. जिरे-हिरव्या मिरचीच्या फोडणीत झाकण न ठेवता परतला तर सगळ्यात उत्तम.

‘वेरोनिका’चे बी माझ्याकडे शिल्लक आहे, ते आणि नवलकोलाची पुडी उद्याच टपालाने पाठवतो. तोवर मातीचा नमुना तपासणीला दे आणि सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, पीएच) किती निघाला ते मला कळव, म्हणजे चुना किती घालायचा ते लिहितो.

तुझा,
अरविंद