ताई, बाबांशी इतकं नीट बोललात त्यासाठी

ताई, तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. पण आभार सगळ्यांसमोरच मानायचे होते.

पहिल्या स्कॅनमध्ये बाबांची फुफ्फुसातली गाठ बारीक झाली होती आणि नंतर केमो चालू असतानाच परत वाढली, तेव्हापासून जो तो त्यांनाच ऐकवत होता, पथ्य पाळलं नसेल, हिंमत सोडली असेल, आणि बाबांनाही ते पटायला लागलं होतं. तुम्ही लॅबमध्ये याच कॅन्सरच्या पेशींवर काम करता म्हणून मी फोन केला, तर तुम्ही म्हणालात फोन बाबांकडे दे.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध पेशीत शिरून डीएनएला चिकटतं आणि पेशी मरते, इथपर्यंत आम्हाला ठाऊक होतं. पुढचं तुम्ही सांगितलंत. काही पेशी औषध आत घेणारं सीटीआर१ प्रोटीनच कमी करतात, काहींमध्ये ग्लुटाथायोन नावाचं पेशीतलंच रसायन औषधाला आतच पकडून निकामी करतं, आणि डीएनएला इजा झालीच तर ईआरसीसी१ वगैरे प्रोटीनं ती दुरुस्त करून टाकतात. पी५३ हे प्रोटीन बिघडलेलं असेल तर इजा होऊनही पेशीला मरायचा आदेशच मिळत नाही. एटोपोसाइडसारखं केमोचं औषध पेशीबाहेर फेकणारा एमआरपी१ नावाचा पंप १९९२ मध्ये सापडला तोही फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींमध्येच, हे ऐकून बाबा एकदम सरळ बसले.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते त्या मंदावलेल्या पेशींचं. केमोचा मारा मुख्यतः विभागणाऱ्या पेशींवर, आणि या पेशी विभागणंच जवळपास थांबवतात, डीएनएत नवा बदल न होताही तग धरतात आणि नंतर पुन्हा वाढायला लागतात. शिवाय गाठीतल्या सगळ्या पेशी मुळात सारख्या नसतातच, औषधाला दाद न देणाऱ्या थोड्या आधीपासून असू शकतात, बाकीच्या मेल्या की त्यांना मोकळं रान मिळतं. यात पेशंटच्या हिमतीचा काय संबंध! हे बाबांना आमच्यापैकी कुणीच सांगू शकलं नसतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं.

तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत याचेही आभार. औषध बदललं तरी पेशी त्यालाही चकवू शकतात हे स्पष्ट बोललात, आणि पुन्हा बायोप्सी करून गाठीत काय बदललंय ते बघता येईल का असं डॉक्टरांना विचारा म्हणालात. आम्ही विचारलं, ते हो म्हणाले. यावेळचे प्रश्न बाबांनी स्वतः वहीत लिहून नेले होते. रिपोर्ट आला की ते तुम्हाला फोन करणार आहेत, तेवढा उचला.