प्रयोगशाळेची हत्यारे मुलांच्या हाती द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शालेय विज्ञान प्रदर्शने जवळ आली की दुकानांत प्रकल्पांचे तयार संच दिसू लागतात; पालक रात्री जागून ते जोडतात आणि मूल परीक्षकांसमोर पाठ केलेली माहिती म्हणून दाखवते. त्यात मुलाच्या स्वतःच्या कुतूहलाला जागाच उरत नाही, याचे फार वाईट वाटते.

वास्तविक साधने महाग असावी लागत नाहीत. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यावर भूमिती शिकता येते, हे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी बनवणारे अरविंद गुप्ता अनेक वर्षे दाखवत आले आहेत. काड्यांचा चौकोन बोटाने ढकलताच कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. हे एकदा हाताला कळले की छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मुलाला वेगळे सांगावे लागत नाही. पुढचा पूल ते स्वतःच्या मनाने रचू लागते, आणि शोधक वृत्ती जागी होते ती इथे.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे आकाराला आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शाळकरी मुले आठवड्यातून एक दिवस जोडकाम, वीजकाम, शेती, अन्नप्रक्रिया अशी कामे प्रत्यक्ष करतात. केलेली वस्तू गावात कोणाच्या तरी उपयोगी पडायची असल्यामुळे ती का बिघडली आणि कशी सुधारायची, याचा विचार मुलांना करावाच लागतो. असे शिक्षण मोजक्याच शाळांपुरते राहावे, हे मला पटत नाही.

नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे साधने हाताळून स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या शाळेतील प्रयोगशाळा, उभ्या राहिल्या. त्यासाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तरीही वस्तू मोडली तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने साधने कपाटात बंद राहत असतील, तर दोष शिक्षकांना देऊ नये. मोडतोड आणि कच्चा माल यांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद करावी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दहा दप्तरमुक्त दिवस गावातील सुतार, कुंभार, माळी यांच्यासोबत खरोखरच घालवू द्यावेत. आणि प्रदर्शनातील गुण देताना परीक्षकांनी मांडणीच्या आधी मुलाची वही पाहावी, जिच्यात फसलेले प्रयत्न आणि त्यानंतर केलेले बदल त्याच्याच अक्षरात नोंदवलेले असतील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा