मोठी आईला वाचून दाखवायचं पत्र

लिस्बन
रविवार, १ जून २०२५

तीर्थरूप आबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मोठी आईला माझं धड ऐकू येत नाही. ती "जेवनी का?" एवढंच विचारते, मी "हो" ओरडते आणि फोन आईच्या हातात जातो. म्हणून या वेळी कागदावर. दादा, रात्रीचं जेवण झालं की ओट्यावर बसून तिला मोठ्याने वाचून दाखव. पुढे एका ठिकाणी खूण केली आहे, तिथे थांब.

आधी विजेचं. २८ एप्रिलला माझा फोन लागेना म्हणून आबांनी सुरतेच्या काकांना उठवलं, काकांनी आणखी चौघांना, हे मला वहिनीकडून कळलं. अहो आबा, सगळ्या स्पेन-पोर्तुगालची वीज गेली होती, माझ्या एकटीच्या खोलीची नाही. इथे सकाळचे साडेअकरा, म्हणजे तुमच्याकडे दुपारचे चार. मेट्रो बंद, सिग्नल बंद, पुढे मोबाइलही. लोक रेडिओ आणि मेणबत्त्यांसाठी रांगा लावून उभे. मी चालत घरी आले, वाटेत पाव-टोमॅटो घेतले आणि उजेड असतानाच जेवून मोकळी झाले. माझ्याजवळ सुटे पैसे होते, कार्डावर भिस्त ठेवणारे बिचारे हात हलवत परतत होते. लोडशेडिंगमध्ये दहावीचा अभ्यास केलेल्या पोरीची एवढी काय काळजी करायची? रात्री वीज आली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे एवढ्यासाठी टाळ्या वाजवायच्या तर हाताला फोड येतील.

नंतर दोनच दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. फोटो पाहिले. झोका यंदा उंच बांधलेला दिसला. मीही आमरस केला होता, डब्यातल्या गराचा. चांगला झाला होता. चांगला म्हणजे, आमरस म्हणता येईल इतपत.

आता जेवणाचं सांगते, म्हणजे मोठी आईचं समाधान होईल. लुमियार भागात राधाकृष्णाचं देऊळ आहे, रस्त्याला नावही महात्मा गांधींचं. तिथली मंडळी मूळची गुजरातची, दीवची, पण बरीचशी आफ्रिकेतल्या मोझांबिकमार्गे इथे आलेली. देवळाच्या खानावळीत पोळी, डाळ, भात, भाजी मिळते. मी बोलायला लागले की त्यांना वाटतं, ही सुरतेकडची. नंदुरबार सांगितलं की "अरे, ते तर जवळच!" म्हणून डाळ जास्त वाढतात. तूरडाळ आणि चपातीचं पीठ मार्तिम मोनिझच्या बांगलादेशी दुकानांतून आणते. वांगी मिळतात, पण जांभळी, फुगलेली आणि बेचव. त्यांचं भरीत केलं, पण त्याला भरीत म्हणायला जीभ रेटत नाही.

आणि आबा, मासा मी खात नाही. (दादा, हसू नको.) इथे वासापासून मात्र सुटका नाही. आर्सेनल नावाच्या रस्त्यावर दुकानांत खारवलेले कॉड मासे फळ्यांसारखे रचून ठेवलेले असतात. गंमत म्हणजे हा मासा इथल्या समुद्रातला नव्हेच, तो नॉर्वे-आइसलँडकडून येतो, आणि हे लोक त्याच्यावाचून सण करत नाहीत. मी घेवड्याच्या शेंगा पिठात बुडवून तळलेली भजी मागवते, नाहीतर पालेभाजी-बटाट्याचं हिरवं सूप. सुपात सॉसेजची चकती घालू नका, हे सांगायला मी सगळ्यात आधी शिकले.

तिखटाचं तर बोलायलाच नको. वास्को द गामाची कबर इथे बेलेमच्या मठात आहे, मी पाहून आले. तो १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, त्याच्यामागून आलेल्या गलबतांतून मिरची आपल्याकडे आली. त्यांच्यामुळे आपल्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या लाल झाल्या, आणि हे स्वतः मीठ, लसूण आणि ऑलिव्हच्या तेलावर भागवतात! मठाशेजारीच १८३७ पासूनचं एक दुकान आहे, अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या गरम वाट्या, वर दालचिनी आणि पिठीसाखर. अंडं आहे, म्हणून चव मोठी आईला सांगत बसत नाही.

एक रीत मात्र मला अजून पचलेली नाही, ती नीट सांगते. इथे हॉटेलात बसलात की काही मागवायच्या आधीच वेटर टेबलावर पावाची टोपली, लोणी, ऑलिव्हची वाटी, कधी चीजचा तुकडा आणून ठेवतो. हसून ठेवतो. आपल्याला वाटेल, वा, काय पाहुणचार! पाहुणचार नाही, त्याचे पैसे पडतात. पण सगळ्याचे नाही, जे खाल त्याचेच. पावाला हात लावला तर पावाचे, ऑलिव्हला हात लावला नाही तर त्याचे नाही. न मागितलेलं आणि न खाल्लेलं बिलात धरायचं नाही, असा कायदाच आहे. म्हणजे बसल्या बसल्या "नको" म्हणून ताटली परत पाठवायची, किंवा तिच्याकडे बघत बसायचं. आणि परत पाठवली तर वेटरला काही वाटत नाही! मला वाटतं. आपल्याकडे समोर आलेलं सरकवलं तर घरातली बाई दोन दिवस बोलणार नाही. इथली माणसं पाव बाजूला सारून खुशाल गप्पा मारतात. माझ्याबरोबर काम करणारी बाई म्हणते, यात अपमान कसला, त्याने विचारलं, तू नाही म्हणालीस. पण त्याने विचारलं कुठे, त्याने तर ठेवलं! आबा, तुम्ही इथे आलात तर तुम्ही वेटरला आधी "बस, तू पण घे" म्हणाल आणि बिल पाहून त्याच्याशी भांडाल, हे मला आत्ताच दिसतंय.

फिरायला म्हणाल तर रविवारी मी काइश दो सोद्रेहून बोट पकडते. आपली तापी सुरतेपुढे जशी समुद्राला मिळते, तशी ही तेजो नदी इथे मिळते. पाणी रुंद, वरून तांबडा लोखंडी पूल, १९६६ सालचा. दहाएक मिनिटांत पलीकडे कासिल्यासला उतरायचं आणि काठाकाठाने चालायचं. पर्यटक पिवळ्या २८ नंबरच्या ट्रामसाठी जीव टाकतात, मी चढत नाही. तिच्यात खिसेकापू फार. ट्रामपेक्षा कार्मोचं चर्च बरं, १७५५ च्या भूकंपात त्याचं छत गेलं ते तसंच ठेवलंय. (भूकंपाचं विचारू नका. ते १७५५ होतं.) मंगळवार-शनिवारी सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजार भरतो. तिथून एक पितळी कुलूप घेतलंय, किल्ली नाही, उगाच घेतलं.

मोठी आई, येत्या १२ तारखेला इथल्या संत अँटनीचा उत्सव आहे. हा संत लग्नं जुळवतो म्हणे. त्या दिवशी नगरपालिका जोडप्यांचं सामुदायिक लग्न लावते, अगदी आपल्याकडच्यासारखं. प्रेमाच्या माणसाला तुळशीच्या कुळातलं छोटं रोप देतात. त्याला नाक लावायचं नाही, हाताने स्पर्श करायचा आणि हात हुंगायचा. रोप मी स्वतःच विकत घेणार आहे, त्यातून कोणी अर्थ काढू नये.

(दादा, इथे थांब. पुढचं मोठी आई झोपल्यावर.)

पैसे १० तारखेपर्यंत खात्यावर येतील. आधी शिक्षणकर्जाचा हप्ता, मग बियाणं आणि ठिबकच्या नळ्या. मृग तोंडावर आलाय, सोसायटीच्या कर्जाची वाट पाहत बसू नका. गेल्या महिन्यात कमी पाठवले, कारण खोलीचं भाडं वाढलं. मामांचे पैसे माझ्या लक्षात आहेत, हे त्यांना सांगा. ते विचारत नाहीत, त्याचंच जास्त ओझं होतं.

सुरतेच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा वाईट नाही. पण माझ्या बायोडेटात "दिवाळीनंतर कायमची परत येणार" असं कोणी लिहिलं? येणार नाही असं मी म्हणत नाही, फक्त ती ओळ काढा. दिवाळीला तर येताच येणार नाही. इथे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाचं नूतनीकरण अडकलंय, ते हातात आल्याशिवाय देश सोडणं धोक्याचं आहे. हे खरं आहे, आई, निमित्त नाही. पण कार्ड आलं असतं तरी मी लगेच तिकीट काढलं असतं का, हे विचारू नको. दादा, हे तू तिला सांग. फोनवर मी दोनदा सांगायला घेतलं आणि मध्येच ज्वारीच्या बिबड्या-पापडांचं विचारत बसले.

मुलाकडच्यांना थांबायचं नसेल तर त्यांना थांबवू नका, मला राग येणार नाही.

काकांचा भाचा जुलैमध्ये पोर्तोला येतोय. त्याच्याजवळ मिरचीची पूड द्या, यंदाचीच, दोन पिशव्यांत घालून. बिबड्या नको, चुरा होतो. कळण्याचं पीठ जमलं तर थोडं.

तुमची,
लेक