विहिरीची वही

डाल्बी, क्वीन्सलंड, ऑस्ट्रेलिया
१४ ऑगस्ट

ती. दादास,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, कोळशाच्या खाणीकडच्या दोन विहिरी यंदा भर पावसाळ्यातही भरल्या नाहीत आणि ‘पाऊसच कमी झाला’ म्हणून खाणीचा साहेब गाडीत बसून निघून गेला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

इथली जमीन तुला परकी वाटणार नाही. तशीच काळी, हात आत जाईल एवढ्या भेगा, कपाशी आणि हरभरासुद्धा! या मातीच्या पोटात कोळसा आहे आणि कोळशात वायू. तो काढायला खाण खणत नाहीत. बोअर मारून आधी कोळशाच्या थरातलं पाणी उपसतात. दाब उतरला की कोळशाला चिकटलेला मिथेन सुटतो. मग पाइपातून ग्लॅडस्टन बंदराला नेऊन, उणे १६१ अंशांना गार करून त्याचा द्रव करतात आणि जहाजात भरतात. म्हणजे वायूच्या आधी पाणी जातं, आणि भांडण त्या पाण्याचंच. उपसलेलं पाणी खारट असतं. ते शुद्ध करतात, पण मीठ मागे उरतंच. त्याचं काय करायचं, हे भिजत घोंगडं.

२०१२ साली चिंचिला गावाजवळ कंडमाइन नदीत बुडबुडे दिसले. २०१६ मध्ये जेरेमी बकिंगहॅम नावाच्या आमदाराने होडीतून लायटर लावला तर पाण्यावर जाळ! कंपनीवाले म्हणतात, कोळशाचा पट्टा आहे, वायू आपसूकही झिरपतो. असेलही. पण आधी किती झिरपत होता, हे विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या फाटकावर ‘लॉक द गेट’, म्हणजे ‘फाटकाला कुलूप लावा’, असं लिहिलेला पिवळा त्रिकोण आहे. वायू कंपन्यांना शेतात शिरू न देण्याची ही चळवळ २०१० पासून चालू आहे. पण कुलूप लावून भागत नाही. आपल्याकडे सातबारा आपला नि खालचा कोळसा सरकारचा, तसंच इथे वायूचं. मोबदल्यावर घासाघीस करता येते. नाहीच जमलं तर जमीन न्यायालय. आजोबांना धास्ती वेगळीच. त्यांचं रान लेझरने हलका उतार देऊन सपाट केलेलं, सरीतून पाणी आपोआप वाहतं. खालचं पाणी उपसून जमीन चार बोटं जरी बसली, तरी मधेच डबकं साचणार.

त्यांच्याकडे एक जुनी वही आहे. वडिलांच्या काळापासून बोअरची पातळी त्यात लिहिलेली. मला दाखवायला त्यांनी फीत सोडली आणि वजन पाण्याला टेकल्याचा आवाज यायला कान लावून बसले. बोअर खाली गेली तेव्हा त्यांनाही ‘दुष्काळ’ हेच ऐकवलं. त्यांनी वही उघडून मागच्या दुष्काळांतले आकडे पुढे ठेवले. मग कुठे बोलणी सुरू झाली. कंपनीमुळे बोअर आटली तर भरपाई किंवा दुसरं पाणी द्यावं, असा इथला कायदा आहे. पण आधी काय होतं ते दाखवता यायला हवं.

म्हणून सांगते, आपली विहीर अजून चालू आहे तोवर सुतळीला दगड बांध. रात्रभर मोटर बंद ठेवून दर अमावस्येला सकाळी मोज आणि तारखेसह लिही. पोलीस पाटलांची सही घेत जा. ते हसतील, हसू देत.

वहिनीला नमस्कार. तान्ह्या पोळ्याला गुड्डूचा लाकडी बैल कसा सजवता, त्याचा फोटो पाठव.

तुझी,
छोटी