बारशाआधी गेलेल्या लेकीची ओळ

आदरणीय गुरुजी,

सविनय नमस्कार.

हद्दीचे दगड रोवले गेले आणि आमच्या घराण्याची दोन गुंठ्यांची मसणवट नांगराखाली जाण्यापासून वाचली, हे आपणांस फोनवर सांगताना माझा कंठ दाटून आला व धड चार शब्दही बोलता आले नाहीत. जे तेव्हा राहून गेले ते आता लिहितो आहे, आणि चारचौघांनी वाचावे म्हणून उघडपणे लिहितो आहे.

आम्हा लिंगायतांमध्ये मृतदेहाला अग्नी देत नाहीत. जंगमाच्या हस्ते विधी करून, कपाळी भस्म लावून, तळहाती इष्टलिंग देऊन त्याला बसलेल्या स्थितीत भूमीच्या स्वाधीन करतात. त्यासाठी किल्लारी परिसरातल्या आमच्या शिवारात पणजोबांनी रानाचा एक कोपरा राखला. तिथे एक बेल आहे, दोन लिंब आहेत आणि काळ्या दगडाच्या समाध्या आहेत. एकाही दगडावर अक्षर नाही. कोणता दगड कोणाचा हे घरातल्या बायकांना तोंडपाठ असे, आणि सासूकडून सुनेकडे जाणारी ती माहिती एवढीच काय ती आमची वंशावळ होती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या त्या रात्री, भूकंपाने माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. गावोगाव सामुदायिक चिता पेटल्या. त्या कोलाहलातही आजोबांनी आमच्या घरातल्या तिघांना भर पावसात बैलगाडीतून याच कोपऱ्यात आणले. पुढे गाव नव्या जागी वसले, जुन्या गावठाणात वेड्या बाभळी माजल्या, भोवतालची जमीन हातोहात विकली गेली आणि नव्या मालकाच्या लेखी आमची माणसे म्हणजे पेरणीला आडवे येणारे दगड ठरले.

दोन वर्षे मी ज्या दारांत उभा राहिलो त्यांची नावे इथे घेत नाही. एका ठिकाणी 'सातबाऱ्यावर काही दिसत नाही' असे सांगून कागद परत मिळाले. दुसऱ्या ठिकाणी निजामकाळातल्या उर्दू उताऱ्यात 'कब्रस्तान' हा शब्द सापडला, तेव्हा 'मग ही जागा तुमची कशी असेल?' असा प्रश्न मलाच विचारला गेला. आमच्याच भावकीतल्या एका शहाण्याने पैसे घेऊन विषय संपवण्याचा सल्ला दिला. यांपैकी कोणीही त्या जागेवर पाऊल ठेवले नव्हते.

औशाला आपल्या ओसरीवर आलो तेव्हा आई सोबत होती. उताऱ्याची नक्कल मी पुढे केली, तर आपण ती बाजूला ठेवलीत आणि आईकडे वळून म्हणालात, "आधी तिथं कोण कोण आहे ते सांगा, बाई." तोवर प्रत्येकाने आम्हाला गट नंबर विचारला होता. माणसे कोणीच विचारली नव्हती.

आई सांगत गेली, आपण वहीत एकेक नाव लिहीत गेलात. सोळा नावे झाल्यावर ती थांबली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली की आणखी एक आहे, पण तिला नाव नाही. 1972 च्या दुष्काळात झालेली ती माझी थोरली बहीण. बाराव्या दिवशी बारसे व्हायचे होते आणि ती नवव्या दिवशीच गेली. आमच्या घरात तिला कधी कोणी मोजले नव्हते. मला पाच भावंडे असे मी आयुष्यभर सांगत आलो, त्यात ती कधीच धरली नाही. आपण सतरावा आकडा घातलात, त्यापुढे 'एक मुलगी' असे लिहिलेत आणि आईला विचारलेत, "हिची जागा कोणती?" "बेलाच्या उगवतीला," आई म्हणाली. आपण तेही लिहिलेत. पन्नास वर्षांत आईला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

त्यानंतर उतारा वाचून आपण दाखवलेत की 'कब्रस्तान' या शब्दापुढे पणजोबांचे नाव आहे, आणि लिहिणाऱ्या कारकुनाच्या भाषेत मृतांना पुरण्याच्या कोणत्याही जागेला हाच शब्द रूढ होता. ज्या शब्दाने आम्हाला दारातून परत पाठवले, त्याच शब्दाने पुढे आमची बाजू सिद्ध केली. निजामाच्या राजवटीतली उर्दू लिपी वाचणारी माणसे आता मराठवाड्यात थोडी उरली आहेत. पण अक्षरओळख असलेला माणूस मला आपल्याआधीही भेटला होता, त्यामुळे मी आभार मानतो ते केवळ त्या विद्येचे नाहीत. आपण नमाजी आहात आणि आम्ही कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला कपिलधारला जाणारे, हा विचार त्या दुपारी ओसरीवर कोणाच्याही मनाला शिवला नाही. असा सरळ माणूस भेटला की दोन वर्षांचे हेलपाटे विसरता येतात, हे मी अनुभवाने लिहितो आहे.

वहीतले ते पान आपण फाडून आईच्या हाती दिलेत. तिने ते देवघरात भस्माच्या डबीखाली ठेवले आहे. तिला वाचता येत नाही, पण सतरावी ओळ कोणती हे तिला बोटाने दाखवता येते.

बेलाच्या उगवतीला आम्ही एक लहान दगड बसवला आहे. पेरण्या आटोपल्या की आपण यावे, अशी आईची इच्छा आहे. दिवस कळवावा, मी औशाला गाडी घेऊन येईन.

आपला कृतज्ञ,
सतरा जणांच्या घरातला एक