रविवारची मीटिंग, जुने फोटो आणा

पालक मंडळी, रविवारी सकाळी 10 ला आपल्या दिव्यांग मुलांच्या शाळेत मीटिंग आहे, विसरू नका. जुने फोटो शोधा, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला पोरांना नेलेले पण चालतील. शाळेच्या पाटीवर 'मतिमंद' लिहिलेलं असायचं तेव्हाचा कुणाकडे असेल तर नक्की आणा (तो शब्द गेला ते बरंच झालं). 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 च प्रकार होते, 2016 ला 21 झाले, त्यात स्वमग्नता (ऑटिझम), लर्निंग डिसॅबिलिटी आली आणि मग आपले वर्ग पण बदलले, आधी नुसतं खडू-मेणबत्त्या बनवणं, आता स्पीच थेरपी, प्रत्येक पोराचा वेगळा प्लॅन. हे सगळं भिंतीवर लावायचंय. आणि हो, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स पण आणा.